रावाचा रावा

गेल्या दिवाळीत हैदराबादेहून आलेली माझी भाची बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या आमच्या जुन्या घरी, ओसरीवरच्या खांबाला पाठ टेकून, तीन दिवस एकच जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचीत बसली होती. फराळाचे ताट समोर यावे आणि करंजीचा तुकडा हातात घेऊन तो तोंडात घालावयाचेच तिने विसरावे, इतकी ती त्या पुस्तकात गढली होती. चौथ्या दिवशी पुस्तक मिटल्यावर मी सहज विचारले, तेव्हा तिने कथा सांगितली ती अशी: कोठल्याशा कल्पित राज्यातील एक मुलगी आपल्या कुळाच्या देवतेवरील श्रद्धा गमावून बसते; अंगी उपजत असलेल्या एका विलक्षण शक्तीची तिला लाज वाटत असते; शापाने अर्धा पशू झालेल्या एका तरुणावर तिचे मन जडते; आणि सहाशे पानांच्या अखेरीस आरशापुढे उभी राहून, मी आहे ही अशी आहे, असे ती स्वतःला बजावते, त्या क्षणी शापही सुटतो आणि लाजही. “मामा, तुम्हाला हे सगळं पोरकट वाटत असणार,” ती म्हणाली. मला ते पोरकट वाटले नव्हते. अपुरे मात्र वाटले होते. आणि अपुरे का, हे तिला ओसरीवर बसल्या बसल्या नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अद्भुताचे मला वावडे नाही. ज्या शब्दाने आपण मराठीत, आणि आमचे शेजारी कन्नडात, या वाङ्मयप्रकाराला ओळखतो, तो शब्दच मुळी एका अद्भुत प्रेमकथेचे नाव आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या दरबारी एक चांडालकन्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते, तो पोपट बोलू लागतो, कथेतून कथा निघत जाते, आणि अखेरीस असे निष्पन्न होते की सिंहासनावर बसून ऐकणारा राजा हाच कथेतला चंद्रापीड असून पिंजऱ्यातून सांगणारा पक्षी हा जन्मांतरीचा त्याचा जिवलग सखा आहे. स्वतःची हकीकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावाचून राजाला आपण कोण ते उमगत नाही. बाणाने हे काव्य अर्धे टाकूनच देह ठेवला आणि त्याच्या मुलाने ते तडीस नेले. तात्पर्य, आपली ‘कादंबरी’ नावापासूनच पोपटाच्या तोंडून बोलत आलेली आहे, आणि १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी ‘मुक्तामाला’ लिहिली त्या काळच्या मराठी कादंबरीकारांची पुढील वास्तववादी पिढीने कितीही थट्टा केली असली, तरी अद्भुताचा मार्ग त्यांना घरचाच होता.

परंतु मला सांगावयाची कथा संस्कृतातली नव्हे, ती बिदरची आहे. बहमनी सुलतान अहमदशाह वली १४२२ साली तख्तावर आला, त्याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, आणि १४३६ साली तो निवर्तला. या अवघ्या चौदा वर्षांच्या कारकीर्दीत त्याचे गुणगान करून फख्रुद्दीन निजामी नावाच्या कवीने दखनी भाषेत एक मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, रचिली. आज हाती असलेली दखनीतली ही सर्वांत जुनी मसनवी होय. तिची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, त्या प्रतीतली मधली काही व शेवटची पाने गहाळ आहेत, आणि कवीने दिलेले नावही तीत सापडत नाही. म्हणून कथेतल्या दोन पात्रांवरून अभ्यासकांनी तिला ‘कदमराव पदमराव’ म्हणावयास प्रारंभ केला. नसीरुद्दीन हाश्मी यांनी तिच्याकडे प्रथम लक्ष वेधले आणि जमील जालिबी यांनी १९७३ साली कराचीहून, तेथील अंजुमन तरक्की-ए-उर्दूच्या संग्रहातल्या त्या एकुलत्या प्रतीवरून, ती संपादून छापली. ही अंजुमन मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली पुष्कळ वर्षे औरंगाबादेस होती, हे आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सुलतानाच्या पदरचा मुसलमान कवी, मसनवीचा घाट फारसी, आरंभी ईश्वराची व पैगंबराची स्तुती, लिपी उर्दूची. आणि नायकांची नावे मात्र बाजारच्या दिवशी भालकीच्या अडतीवर कोणी हाक मारावी अशी. अरबी-फारसी शब्द तुरळक, संस्कृतोद्भव व देशी शब्दांची दाटी. ज्या दखनीने मराठीचा ‘नको’ आणि मराठीचाच ठासून सांगणारा ‘च’ उचलून आपल्या अंगी मुरविला, त्या भाषेचे हे बाळपण आहे. आमच्या मराठी-कानडी सीमेवरच्या माणसाला ती अर्धी अधिक कानाने समजते.

कथा थोडक्यात अशी. हिरानगरचा राजा कदमराव याचा वजीर पदमराव हा नागांचा राजा आहे. माणसांच्या दरबारी सर्प वजिरी करतो याचे कोणाला नवल वाटत नाही, आणि वाटू नये हेच अद्भुत कथेचे पहिले कलम असते. एके दिवशी राजाच्या दृष्टीस एक उच्च कुळीची नागीण हलक्या जातीच्या सर्पाशी रत झालेली पडते. संतापाने तो तलवार उपसतो, सर्पाला ठार करतो, नागिणीचे शेपूट तुटते व ती निसटून जाते. त्या प्रसंगाने राजाचा समस्त स्त्रीजातीवरचा विश्वास उडतो. महाली येऊन तो राणीपाशी उदास बसतो आणि अखेर तिला कारण सांगतो. राणी त्याची समजूत घालू पाहते. इकडे नागिणीने राजाविरुद्ध भलतीच फिर्याद केलेली असते. तिच्यावर भरवसा ठेवून राजाला दंश करण्यासाठी पदमराव महालात दडून बसलेला असतो, आणि राजा-राणीचे हे खाजगी बोलणे कानी पडल्यामुळे खरा प्रकार त्याला कळतो. तो दंश न करता प्रकट होतो. दोघांची मैत्री होते. पुढे राजाला योगी-सिद्धांच्या संगतीचा छंद लागतो. अखरनाथ नावाचा एक योगी येतो, राजाला धनुर्वेद शिकवितो, आणि मग अमरवेद, म्हणजे स्वतःचा देह सोडून दुसऱ्याच्या देहात शिरण्याची विद्या. राजा विद्येचा प्रयोग करून पोपटाच्या देहात शिरतो. त्याबरोबर रिकाम्या पडलेल्या राजदेहात अखरनाथ शिरतो, आणि राज्य करू लागतो.

मराठीत पोपटाला ‘रावा’ असा जुना शब्द आहे. रावाचा रंक झाला असे आपण म्हणतो. बिदरच्या या कथेत रावाचा रावा झाला. निजामीला हा श्लेष अभिप्रेत होता असे मी म्हणणार नाही. परंतु एका कान्याच्या अंतरावर माणसाचे सारे ऐश्वर्य टांगलेले असते, हे सीमेवरच्या माणसाला शब्दकोशातून शिकावे लागत नाही.

आता मुद्दा असा की, या राजाची कोणती श्रद्धा ढासळली? राणीने त्याचा कसलाही अपराध केला नव्हता. त्याने पाहिले ते दोन सर्पांचे मीलन. त्याला खुपले ते त्यातील एकीचे उच्च आणि दुसऱ्याचे हलके कुळ. म्हणजे ज्या विश्वासाला तडा गेला म्हणून तो शोक करीत होता तो प्रेमावरचा विश्वासच नव्हता, तो जातिव्यवस्थेच्या चिरेबंदीवरचा विश्वास होता. आणि जातीचा चिरा ढळला याचे खापर त्याने स्त्रीजातीच्या माथी फोडले. बसवकल्याण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. निजामीच्या आधी अडीच शतके त्याच कल्याणात ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र यांचा विवाह बसवण्णांच्या अनुयायी शरणांनी घडवून आणला, आणि त्यापायी बिज्जळ राजाने दोघांच्या पित्यांना क्रूर देहान्त शासन दिले, असे लिंगायत परंपरा सांगते. कदमरावाची तलवार आणि बिज्जळाचा हुकूम यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. सर्पांच्या रतिक्रीडेवर कदमरावाची हुकमत कोणत्या सनदेने चालत होती, हा प्रश्न मसनवीत कोणी विचारीत नाही. पण जेथे आपली हुकमत नाही तेथे ज्याने तलवार चालविली, त्याच्या स्वतःच्या देहावरची हुकमत पुढे जावी, ही योजना कवीला नकळत का होईना साधलेली आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट दुसरी आहे. श्रद्धा गमावलेला मनुष्य संशयी होतो, सावध होतो, कोणावर विसंबत नाही, असा आपला समज असतो, आणि आजच्या कादंबऱ्यांतले नायक-नायिकाही अश्रद्धेच्या त्या कोरड्या प्रदेशात एकट्याने हिंडताना दाखविलेले असतात. कदमरावाचे वर्तन पाहा. अंथरुणावर शेजारी बसून जी त्याला समजावीत होती त्या राणीवरचा ज्याचा विश्वास उडाला, तो कोठून आला, कोणाचा कोण, याचा ठाव नसलेल्या जोग्याच्या स्वाधीन आपला प्राण करून मोकळा झाला! गेलेली श्रद्धा रिकामी जागा सोडून जात नाही. तलाठ्याच्या भाषेत बोलावयाचे तर तिचा फेरफार होतो. जवळच्याच्या नावावरून ती खारिज होते आणि परक्याच्या नावावर दाखल होते. धर्म सोडला म्हणून सांगणारे किती तरी सुशिक्षित गृहस्थ मी असे पाहिले आहेत की ज्यांनी कुलदैवताला रजा दिली आणि महिन्याभरात एखाद्या पुढाऱ्याच्या, वैद्याच्या किंवा शेअरबाजारातल्या सल्लागाराच्या पायावर डोके ठेवले. आपण नास्तिक झालो या समजुतीत ते सुखी असतात. रिकामा देह दिसला की अखरनाथ त्यात शिरावयाचाच.

येथे एक आक्षेप संभवतो. नागिणीची कथा आणि परकायाप्रवेशाची कथा या दोन निरनिराळ्या लोककथा असून कवीने त्या नुसत्या एकापुढे एक जोडल्या, त्यांच्यात कार्यकारणभाव शोधणे हा वाचकाचा अतिरेक आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. परकायाप्रवेश ही आपल्याकडची जुनी, सर्वांना परिचित कल्पना आहे: शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले, ‘नवनाथ भक्तिसारा’तले मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या, आणि महानुभावांच्या परंपरेनुसार तर गुजरातच्या हरिपाळदेवाच्या निष्प्राण देहात चांगदेव राऊळ प्रवेशले तेव्हाच आपल्याला श्रीचक्रधर लाभले. या सर्व कथांत देह बदलणारा हा सिद्ध पुरुष आहे, बदल त्याच्या इच्छेने होतो, आणि ज्याच्या देहात तो शिरला त्याचे काय झाले हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तो आधीच मेलेला असतो. बिदरच्या कवीने दृष्टी उलट फिरविली. त्याची कथा देह बळकावणाऱ्याची नाही, ज्याचा देह गेला त्याची आहे. परंपरेतून घेतलेल्या वस्तूला असा कल देणारा कवी दोन गोष्टी आंधळेपणाने जोडील, हे मला संभवनीय वाटत नाही.

पोपट झालेल्या राजापाशी काय उरले? सैन्य, खजिना, शिक्का, सिंहासन, राजवाड्याचे बिछाने, ही सारी देहाच्या नावाने चालतात, आणि देहावर कबजा दुसऱ्याचा. मालकी एकाची व वहिवाट दुसऱ्याची असा जमिनीचा दावा आमच्या भागात घरोघर असतो. स्वतःच्या देहाविषयी तो लढावयाची पाळी कदमरावावर आली. त्याच्या बाजूने एकच दस्तऐवज होता, तो म्हणजे स्मरण. आणि तो मांडण्याचे एकच साधन, ते म्हणजे वाणी. आता या ठिकाणी माझ्या भाचीच्या कादंबरीतला आरसा आणून ठेवावा. पोपट आरशापुढे बसला तर त्यात त्याला पोपट दिसेल. आहे तसे स्वतःला स्वीकार, असा उपदेश त्याला कोणी केला आणि त्याने तो मानला, तर तो जन्मभर डाळिंबाचे दाणे टिपीत समाधानाने जगेल, आणि अखरनाथ जन्मभर राज्य करील. ‘आहे तसा’ म्हणजे कसा, हेच जेथे वादग्रस्त आहे तेथे स्वीकार हा शब्द आंधळा ठरतो.

मला आठवते ती वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका चुलत्यांचे नाव निजामाच्या अमलातल्या उर्दू कागदात एका प्रकारे होते, म्हणजे नुक्ते नीट न पडल्यामुळे ‘ब’ वाचावा की ‘प’, याचा निकाल लागत नव्हता. मराठी शाळेच्या दाखल्यात ते आडनावासह दुसऱ्या प्रकारे होते. आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर कन्नडात उतरलेल्या पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, आडनाव गळून बापाचे नाव त्याच्या जागी येऊन बसले होते. वडिलोपार्जित सव्वादोन एकरांच्या वाटणीसाठी या तिन्ही नावांचा इसम एकच आहे, असे सिद्ध करणे प्राप्त झाले. चुलते त्या वेळी हयात होते, धडधाकट होते, आणि स्टांप पेपर हातात धरून कचेरीच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते. कारकुनाने त्यांच्याकडे न पाहताच मला सांगितले की, यांनी स्वतः सांगून भागणार नाही, यांना ओळखणारे दोन जण आणा. दोन हेलपाट्यांनंतर आम्ही दोन म्हातारे उभे केले: एक शेजारचे लिंगायत दुकानदार, दुसरे मशिदीच्या बोळातले शिंपी, ज्यांनी चुलत्यांच्या लग्नातला कोट शिवला होता. शिंप्यांनी चष्मा पुसला, अफिडेव्हिट कानाने ऐकून घेतले, अंगठा उठविला, आणि वर त्या कारकुनाला अंगरख्याचे मापही तोंडपाठ सांगितले. बाहेर आल्यावर चुलते मोठ्याने हसत म्हणाले, “मी कोण हाव, ते मला सोडून समद्यांला ठाव हाय म्हना की!”

त्या हसण्यात थोडा संताप होता, हे मी नाकारीत नाही. परंतु कचेरीच्या त्या अडाणी वाटणाऱ्या नियमात एक तत्त्व दडलेले आहे. माणसाची ओळख ही त्याने स्वतःच्या मनात बाळगलेली पुंजी नसून दुसऱ्यापाशी ठेवलेली ठेव असते. आपण कोण हे आपल्याला ठाऊक असून भागत नाही, ज्याच्यापाशी आपली ठेव आहे तो माणूस हयात असावा लागतो. कदमरावाच्या बाबतीत तो पदमराव होता. रावा उडत उडत त्या नागराजापाशी येतो, आपली कर्मकथा सांगतो, खुणा पटवितो. आणि पदमराव निद्रिस्त अखरनाथाच्या पायाच्या अंगठ्याला दंश करून राजदेह मोकळा करतो, तेव्हा राजा आपल्या घरी, म्हणजे आपल्या देहात, परततो. एकेकाळी जो दंश मारण्यासाठी योजिला होता तोच दंश वाचविण्याच्या कामी आला, ही रचना मला फार सुंदर वाटते.

आणि पदमरावाला राजाविषयी विश्वास कसा आला होता? राजाने शपथा घेतल्या म्हणून नव्हे. कोणी ऐकत नाही या समजुतीने राजा आपल्या राणीशी जे बोलला, ते त्याने आडून ऐकले होते. समोर बसवून दिलेल्या साक्षीपेक्षा, आडून कानी पडलेल्या शब्दाने माणूस अधिक खरा कळतो, ही गोष्ट एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही नवी वाटू नये.

बिदरच्या गादीशी निगडित अशा आणखी दोन मराठी कथा आहेत, आणि त्या दोहोंतही वेश, देह आणि ओळख यांचाच व्यवहार आहे. गुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक रजक नदीत नौकेतून वैभवाने विहार करणारा यवन राजा पाहून मनात लालचावतो. श्रीपाद श्रीवल्लभ त्याला पुढल्या जन्मी ते वैभव देतात. आणि पन्नासाव्या अध्यायात तोच बिदरचा राजा होऊन, मांडीवरच्या स्फोटकाने पीडित होऊन, गाणगापुरी येतो. भीमा-अमरजेच्या संगमावर नृसिंह सरस्वती त्याला भर लोकांदेखत रजक म्हणून हाक मारतात. विचार करा: ज्याच्या मुजऱ्याला अमीर-उमराव वाकतात त्याला एक संन्यासी परटाच्या नावाने पुकारतो, आणि तो राजा तलवारीला हात न घालता रडू लागतो, कारण त्याला मागचे सारे आठवते. कदमरावाने खालच्या जातीचा सर्प पाहिला आणि मारला; या राजाला खालची जात स्वतःच्या आत सापडली आणि त्याने ती मस्तकी धरिली. सीमेवरच्या वाङ्मयात स्वतःचा स्वीकार म्हणून जो काही आढळतो तो मला येथे आढळतो. तो आरशापुढे झालेला नाही. ज्याला पूर्वीचा आपण ठाऊक होतो त्याने हाक मारल्यावर झालेला आहे. दुसरी कथा महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे घरोघर पोहोचलेली: मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी कोठारे लुटवितात, बिदरच्या बादशहाचे बोलावणे येते, आणि पंत वाटेत असतानाच विठू महार होऊन पांडुरंग दरबारी हजर होतो, धान्याची रक्कम भरतो, रीतसर पावती घेतो. देवानेही पावती घेतली, यात आमच्या भागाचा शहाणपणा आहे! पण मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, देवाने घेण्यासाठी जो देह निवडला तो कदमरावाच्या तलवारीला पहिल्याने दिसला असता असा होता.

खुद्द ज्या सुलतानाची निजामीने स्तुती केली त्याचे काय झाले? बिदरजवळ अष्टूरला अहमदशाह वलीची कबर आहे, तिच्या घुमटाच्या आतल्या भिंतींवर कारागिरांनी चितारलेले रंग अजून पुरते विटलेले नाहीत. मुसलमान त्याला वली मानतात. लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचा अवतार समजतात. आणि त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मडियाळ गावाहून एक जंगम, म्हणजे लिंगायत पुरोहित, अनुयायांसह चालत येतो. एका इसमाची दोन नावे, आणि सहाशे वर्षांत कोणी त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागितलेले नाही. त्या सुलतानाने स्वतःविषयी काय समजूत करून घेतली होती यावर ही ओळख अवलंबून नाही. ती दरवर्षी चालत येणाऱ्यांनी टिकवून धरलेली आहे.

इतके म्हटल्यावर माझ्या भाचीच्या बाजूनेही बोलणे मला भाग आहे, कारण दुसऱ्याने ओळखावे या तत्त्वात एक विष आहे, आणि ते हरळय्याने चाखले. जगाने त्याला चर्मकार म्हणून ओळखले होते. ती ओळख पुसून शरण म्हणून उभा राहिला, हाच त्याचा गुन्हा ठरला. जन्मभर ज्यांना दुसऱ्यांनी सांगितले की तू अमुक, तुझी पायरी अमुक, त्यांना ‘मी आहे ही अशी आहे’ या वाक्यात मुक्ती वाटली तर तिला हसण्याचा अधिकार माझ्यासारख्या सुस्थितीतल्या गृहस्थाला नाही. त्या कादंबऱ्या मुली रात्र रात्र जागून का वाचतात याचे उत्तर येथेच असावे. तेव्हा ओळखणारा कोण, हा प्रश्न निर्णायक ठरतो. बिज्जळाचा दरबार ओळखतो तो दप्तरातल्या नोंदीवरून. शिंपी ओळखतो तो त्याने घेतलेल्या मापावरून. अनुभवमंटपात बसवण्णांनी ज्यांना जवळ बसविले त्यांना एकमेकांकडून जे मिळाले ते या दुसऱ्या जातीचे होते, आणि तसे मिळाल्यावाचून नुसत्या स्वतःच्या निर्धाराने हरळय्या कल्याणच्या रस्त्यावर ताठ मानेने चालला असता, असे मला वाटत नाही. आरशापुढची ती मुलगीही खरे म्हणजे एकटी नव्हती. त्या शापित तरुणाने तिला आधी ओळखले होते, मग आरशाने. पण ते श्रेय पुस्तकाने आरशाला दिले. माझे भांडण तेवढ्यापुरते आहे.

हे सारे मी भाचीला नंतर फोनवर, तिच्या सवडीने, दोन-तीन हप्त्यांत सांगितले. पदमरावाचा दंश तिला आवडला. अखरनाथाविषयी तिने बरेच विचारले. मग म्हणाली, “पण मामा, राणीचं काय झालं? दुसऱ्याच कोणाच्या अपराधासाठी तिच्यावरचा विश्वास गेला, मग तिच्या घरात नवऱ्याच्या देहातून परका माणूस वावरला. राजा परत आल्यावर तिला काय म्हणाला?”

मी तिला सांगितले की पोथीची शेवटची पाने नाहीत.

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. “म्हणजे नागराजाची माफी झाली, ती पानं राहिली,” ती म्हणाली, “आणि तिची माफी नेमकी वाळवीनं खाल्ली.” मी म्हटले, वाळवीचे मला ठाऊक नाही, कदाचित ते लिहिलेच गेले नसेल. त्यावर ती हसली, आणि तिने मला विचारले की जालिबींच्या त्या छापील पुस्तकाची प्रत हैदराबादेत कोठे मिळेल, आणि उर्दू लिपी शिकावयास किती दिवस लागतात. आमच्या घरी चुलत्यांच्या पेटीत निजामाच्या अमलातले कागद अजून आहेत. मकरसंक्रांतीला ये, म्हटले. ‘ब’ आणि ‘प’ यांच्यातल्या नुक्त्यांपासून आरंभ करू.